कर्ण 'नाही' म्हणाला, पण कशासाठी?

कृष्णाची शिष्टाई फसली, तो हस्तिनापुरातून परत निघाला आणि जाताना त्याने कर्णाला आपल्या रथात घेतलं. महाभारताच्या उद्योगपर्वातला हा प्रसंग. कृष्ण त्याला आडपडदा न ठेवता सांगतो की तू कुंतीचा मुलगा आहेस, लग्नाआधी झालेला, आणि शास्त्राप्रमाणे असा मुलगा पुढे त्या बाईशी लग्न करणाऱ्याचाच मानतात, म्हणजे तू पांडूचा मुलगा झालास आणि तोही सगळ्यात थोरला. चल माझ्याबरोबर. अभिषेक तुला होईल, युधिष्ठिर युवराज होऊन तुझ्यामागे चवरी घेऊन उभा राहील, भीम छत्र धरेल, अर्जुन तुझा रथ हाकेल, आणि द्रौपदीसुद्धा तुझी बायको होईल. ज्या माणसाने आयुष्यभर 'सूतपुत्र' हा शब्द ऐकून घेतला त्याला एका वाक्यात कुळ, राज्य, भाऊ सगळं मिळत होतं आणि वर युद्धही टळत होतं.

कर्ण नाही म्हणाला. का म्हणाला, याचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर म्हणजे मैत्री. दुर्योधनाने पडत्या काळात हात दिला, कर्ण त्याच्या मिठाला जागला, विषय संपला. ज्यांना कर्ण आवडत नाही ते उलट टोक गाठतात, की कसली मैत्री, अर्जुनावरचा जळफळाट होता नुसता. मला या दोन्ही उत्तरांत एकच अडचण वाटते ती ही, की कर्ण स्वतः काय म्हणतो ते कोणी नीट ऐकूनच घेत नाही, आणि तो तर तिथे बऱ्यापैकी लांब बोलतो आणि कारणं मोजून देतो. पहिलं कारण राधेचं. कुंतीने मला टाकलं, अधिरथाने घरी आणलं, मला पाहून मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझं मूतही काढलं आणि घाणही काढली, आता तिच्या पिंडाचा हक्क मी कसा तोडू? अधिरथ मला मुलगा समजतो, त्याने माझे संस्कार केले, लग्नं लावून दिली, मला मुलं-नातवंडं झाली, सगळी पृथ्वी दिली किंवा सोन्याच्या राशी ओतल्या तरी हे मी खोटं करू शकत नाही. दुसरं कारण दुर्योधनाचं, तेरा वर्षं त्याच्या आश्रयाने निष्कंटक राज्य भोगलं आणि माझ्या जिवावरच त्याने हे युद्ध उभं केलंय. तिसरं कारण, मी आता अर्जुनाशी समोरासमोर लढलो नाही तर त्यात माझीही अपकीर्ती आणि अर्जुनाचीही.

म्हणजे प्रेम, ऋण आणि मान. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या एकाच नकारात एकत्र आल्यात. तत्त्वज्ञानात ज्याला नैतिक प्रेरणा म्हणतात तो सगळा प्रश्न हाच आहे, की माणसाने काय केलं हे तर दिसतं, पण ते त्याच्याकडून करून कोणी घेतलं, त्याच्या आतल्या कुठल्या गोष्टीने?

जर्मन तत्त्वज्ञ काण्ट याने 1785 साली याचं एक सोपं उदाहरण दिलं होतं, दुकानदाराचं. दुकानदार नवख्या गिऱ्हाईकालाही, अगदी लहान पोराला पाठवलं तरी, तोच भाव लावतो. आता हे तो फसवणं चूक आहे म्हणून करतो, की दुकानाचं नाव राहावं म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो कधी, तर जेव्हा दोघांची वाट वेगळी होते, म्हणजे प्रामाणिक राहिलं तर नाव जाणार आहे किंवा फसवलं तरी कोणाला कळणार नाहीये, अशा वेळी. मानासाठी वागणारा माणूस वाईटच असतो असं अजिबात नाही, किंबहुना जगातली कितीतरी चांगली कामं लाजेपायी झालेली आहेत. पण मानाला प्रेक्षक लागतात. योग्य-अयोग्याला लागत नाहीत. कर्णाच्या आयुष्यात या दोघांची फारकत होते असे बरेच प्रसंग आहेत, आणि तो प्रत्येक वेळी एकाच बाजूला जात नाही, म्हणूनच तो इतका गुंतवून ठेवतो.

सुरुवात रंगभूमीपासून करावी लागते, आदिपर्वात राजपुत्रांच्या कौशल्याचं प्रदर्शन चाललंय तिथून. कर्ण येतो, अर्जुनाने जे जे केलं ते सगळं करून दाखवतो आणि द्वंद्वाला आव्हान देतो. तेव्हा कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. कर्णाचा चेहरा पावसाने भिजून मान टाकलेल्या कमळासारखा झाला असं वर्णन आहे. मग दुर्योधन उठतो आणि तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. कर्ण विचारतो, याच्या बदल्यात तुला काय देऊ? दुर्योधन म्हणतो, कायमची मैत्री. या सौद्यात दुर्योधनाला अर्जुनासमोर उभा करायला माणूस हवा होता हे उघड आहे, पण कर्णाच्या बाजूने बघितलं तर भर सभेत सगळे मजा बघत असताना एकटाच माणूस त्याच्यासाठी उभा राहिला, आणि ते कोण विसरेल?

पण याच प्रसंगात पुढे अजून एक गोष्ट होते, ती लोक फार पटकन ओलांडून जातात. म्हातारा अधिरथ काठी टेकत, घामाघूम, खांद्यावरचं उपरणं घसरलेलं अशा अवस्थेत तिथे येतो. कर्ण आत्ता पाच मिनिटांपूर्वी राजा झालाय, अभिषेकाचं पाणी डोक्यावरून अजून वाळलेलं नाही, ज्या कुळाच्या प्रश्नाने त्याची मान खाली गेली होती तो प्रश्न कसाबसा मिटलाय, आणि नेमकं त्याच प्रश्नाचं उत्तर काठी टेकत सगळ्यांसमोर चालत आलंय. ओळख न दाखवणं किती सोपं होतं. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि ते ओलं डोकं बापाच्या पायावर ठेवतो. लगेच भीम हसतो, तू अर्जुनाच्या हातून मरायच्याही लायकीचा नाहीस, जा, चाबूक धर हातात, तेच तुझ्या कुळाला शोभतं. म्हणजे व्हायचं तेच झालं, मान गेला. इथे कर्णाला मान आणि योग्य यातलं एक निवडायचं होतं आणि त्याने एक क्षणही विचार न करता योग्य निवडलं. मला वाटतं कर्णाबद्दल काहीही बोलण्याआधी हा क्षण लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढे त्याच्या हातून जे घडतं ते एका मुळातच हलक्या माणसाच्या हातून घडलेलं नाहीये.

तरीपण त्या दिवशी एक पेच पडला तो पडलाच. कर्णाचा मान त्याच्या स्वतःच्या मालकीचा राहिला नाही, तो दुर्योधनाने दिलेला होता. आणि दिलेला मान असा असतो की देणाऱ्याला 'हे चुकतंय' म्हणायला गेलं की आपल्याच पायाखालची जमीन हलते. युधिष्ठिराला भीम भर सभेत बोलू शकला, तुझे हात जाळून टाकतो म्हणाला, कारण तो भाऊ होता आणि काहीही बोलला तरी भाऊच राहणार होता. कर्णाला अशी खात्री कधी वाटली असेल का, मला शंका आहे.

आता वनपर्वातली कवचकुंडलं. आपण लहानपणापासून ही दानशूरपणाची गोष्ट म्हणून ऐकतो आणि ती आहेच, पण मूळ संवाद वाचला तर धक्का बसतो. सूर्य स्वप्नात येऊन आधीच सांगतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार आहे, देऊ नकोस. कर्ण म्हणतो देणार, कारण जिवापेक्षा मला कीर्ती मोठी, प्रत्यक्ष इंद्र माझ्याकडे मागायला आला तर तिन्ही लोकांत नाव होईल. सूर्य बापाच्या कळकळीने सांगतो की अरे, कीर्ती जिवंत माणसाला कामाची, मेलेल्याला कीर्ती म्हणजे प्रेताच्या गळ्यात घातलेली माळ. कर्ण ऐकत नाही. शेवटी सूर्य म्हणतो, बरं, देणारच असशील तर बदल्यात त्याच्याकडून अमोघ शक्ती तरी मागून घे. कर्ण ती मागतो. आणि अजून एक मागतो, कवच कापून काढल्यावर माझं शरीर विद्रूप दिसू नये. मग हसत हसत स्वतःच्या अंगावरचं कवच सोलून देतो, चेहऱ्यावर वेदनेची रेघ नाही.

यात दया नाहीये. समोरच्या याचकाला काही गरज आहे म्हणून दिलेलं हे दान नाही, याचक कोण आहे आणि कशासाठी आलाय हे कर्णाला पक्कं माहितीये. हा शुद्ध मानाचा निर्णय आहे आणि कर्ण तो लपवतही नाही, स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि तरीही वाचताना अंगावर काटा येतो, कारण मानासाठी एवढी किंमत देणारा माणूस आपण बघितलेला नसतो. मान ही काही हलकी प्रेरणा नाही, ती माणसाला मृत्यूच्या भीतीपलीकडे नेऊ शकते. फक्त कुठे नेऊन सोडेल याची गॅरंटी नाही, आणि द्यूतसभेत ती कर्णाला जिथे घेऊन गेली ती जागा फार वाईट आहे.

द्यूतसभेबद्दल बोलताना कर्णाचे चाहते (आणि मराठीत ते खूप आहेत, कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी त्याला घराघरात नेलंय) एक कारण पुढे करतात, की स्वयंवरात द्रौपदीने 'मी सूताला वरणार नाही' म्हणून त्याचा अपमान केला होता, त्याचा हा राग. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 अशी जवळपास पन्नास वर्षं देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्या मुख्य पाठात हे वाक्य नाही. म्हणजे नंतर कोणीतरी घातलेलं असण्याची शक्यता मोठी. माझ्या मते ते घालावंसं वाटलं यातच सगळं आलं, लोकांना सभेतल्या कर्णाचं वागणं पचत नव्हतं आणि काहीतरी कारण हवं होतं.

तिथे झालं काय, तर द्रौपदी प्रश्न विचारते की आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का. भीष्म गोलमोल बोलतात, बाकी राजे गप्प. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण उठून उभा राहतो आणि म्हणतो की ती जिंकली गेलेली नाही, हा अधर्म आहे. आणि विकर्णाला गप्प कोण करतं, तर कर्ण. बाईला एकच नवरा असतो, ही पाचांची आहे म्हणजे ही वेश्याच, हिला सभेत कशीही आणली तरी त्यात नवल काय, असं म्हणून पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे हे दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे.

मिठाला जागण्याचा युक्तिवाद मला इथे पूर्ण कोसळलेला दिसतो, आणि तो विकर्णामुळे कोसळतो. विकर्ण दुर्योधनाचाच भाऊ, त्याच्याच घरात वाढलेला, त्याचंच अन्न खाणारा. तो सभेत विरोधात बोलला आणि तरी युद्धात शेवटपर्यंत दुर्योधनाच्याच बाजूने लढला, चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मेला, आणि त्याला मारल्याचं भीमालाही वाईट वाटलं. म्हणजे लॉयल राहूनही खरं बोलता येत होतं. ऋण कर्णाला गप्प राहायला सुद्धा सांगत नव्हतं, मग पुढाकार घेऊन बोलायला तर नाहीच नाही. ते बोलवून घेतलं दुखावलेल्या मानाने, ज्याला आयुष्यभर खालचं म्हणून हिणवलं त्याला वरच्यांना खाली बघायची संधी मिळाली आणि त्याने ती घेतली, एका असहाय बाईवरून घेतली. यावर कुठलंही पांघरूण घालता येत नाही.

आणि गंमत अशी, गंमत म्हणजे गुंता अशा अर्थाने, की थोड्याच वेळाने द्रौपदी जेव्हा नवऱ्यांची सुटका करून घेते तेव्हा तिचं मोठेपण सभेत मोठ्याने बोलून दाखवणाराही कर्णच. होडी नसलेल्या पाण्यात पांडव बुडत होते, ही पांचाली त्यांची होडी झाली, असं तो म्हणतो. त्यात पांडवांना टोचणं आहेच, पण चांगलं काय ते त्याला दिसत होतं, डोळे मिटलेले नव्हते. दिसत असून उलट वागणं हे न दिसण्यापेक्षा जास्त त्रास देतं, वाचणाऱ्याला आणि बहुतेक त्यालाही.

मान आणि ऋण यात मान कधी कधी कसा वरचढ होतो याचा अजून एक पुरावा आहे, तो थोडक्यात. युद्धाआधी भीष्म दोन्हीकडच्या योद्ध्यांची प्रतवारी सांगत असतात, त्यात ते कर्णाला 'अर्धरथी' म्हणतात, म्हणजे अर्ध्याच योग्यतेचा योद्धा. कर्ण भडकतो आणि प्रतिज्ञा करतो की भीष्म पडेपर्यंत मी शस्त्र उचलणार नाही. म्हणजे अठरा दिवसांच्या युद्धातले पहिले दहा दिवस दुर्योधनाचा सगळ्यात भरवशाचा माणूस तंबूत बसून. ज्याच्यासाठी जीव द्यायला निघालाय त्याचंच नुकसान, कारण आपल्याला कमी लेखलं! निव्वळ कृतज्ञतेने वागणारा माणूस एवढा अपमान गिळून रणावर गेला असता.

आता परत त्या रथातल्या नकाराकडे येऊ, आणि त्याच्या शेजारी कुंतीला दिलेला नकार ठेवू, कारण दोन्हींमध्ये थोड्याच दिवसांचं अंतर आहे आणि उत्तरही तेच आहे, पण बोलणं वेगळं आहे. कुंती गंगेकाठी येते. कर्ण पूर्वेकडे तोंड करून जप करतोय, ती मागे त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उन्हात सुकलेल्या कमळमाळेसारखी वाट बघत उभी राहते. जप झाल्यावर तो वळतो आणि नमस्कार करून स्वतःची ओळख देतो, मी राधेचा आणि अधिरथाचा मुलगा कर्ण. तिला काय सांगायचंय हे त्याला आधीच माहितीये, तरी ओळख अशी. मग तो बोलतो ते कडू आहे. आई म्हणून तू माझं कधी काही केलं नाहीस, आज स्वतःच्या हितासाठी जागं करायला आलीस. आणि पुढे म्हणतो, कृष्ण सोबत असलेल्या अर्जुनाला कोण घाबरणार नाही? मी आज तिकडे गेलो तर लोक म्हणतील भिऊन गेला. आजवर ज्याचा कोणी भाऊ नव्हता तो नेमका युद्धाच्या तोंडावर भाऊ म्हणून उगवला, क्षत्रिय मला काय म्हणतील?

कृष्णासमोर राधेच्या पान्ह्याने सुरुवात झाली होती, कुंतीसमोर आधी तिला दोष दिल्यावर कारणांची सुरुवात 'लोक काय म्हणतील' ने होते. मला याचं कारण असं वाटतं की ज्या बाईने लोक काय म्हणतील म्हणून त्याला नदीत सोडलं तिला तो तिचंच कारण परत करतोय. तिने त्या दिवशी अब्रू सांभाळली, आता तो सांभाळणार. हा माझा अर्थ आहे, मूळात असं कुठे लिहिलेलं नाही, पण तो संवाद शेजारी ठेवून वाचून बघा.

कृष्णासमोरचं बोलणं मात्र वेगळ्या पातळीवरचं आहे आणि तिथे दोन गोष्टी अशा येतात ज्या मानाच्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. एक, तो कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे टोचून बोललो त्या कृत्याचा मला आज पश्चात्ताप होतोय. अभिमानी माणसाने शत्रूच्या बाजूच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. दुसरी गोष्ट अजून मोठी. तो कृष्णाला सांगतो, आपलं हे बोलणं इथेच ठेव, युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कारण मी थोरला आहे हे कळलं तर तो धर्मात्मा राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. त्यापेक्षा युधिष्ठिरच राजा होऊ दे. हे वाक्य दोनदा वाचायला लागतं. ज्याच्या विरुद्ध लढायला चाललाय तोच राजा व्हायला लायक आहे हे तो म्हणतोय! आपण हरणार हेही त्याला दिसतंय, त्याने स्वप्न पाहिलंय, युधिष्ठिर भावांसकट हजार खांबांच्या महालात चढतोय, हाडांच्या ढिगावर बसून सोन्याच्या पात्रातून पायस खातोय. युद्धाला तो एक यज्ञ म्हणतो, त्यात आपण सगळे आहुती.

दुकानदाराची टेस्ट इथे लावून बघा. मानाला प्रेक्षक लागतात म्हटलं होतं. इथे कर्ण जो त्याग करतोय तो कोणाला दिसू नये याचीच व्यवस्था करतोय. लोकांना तो शेवटपर्यंत सूतपुत्रच दिसणार, दुर्योधनाचा माणूसच दिसणार, थोरला पांडव असून राज्य सोडलं हे नाव त्याच्या हयातीत त्याला मिळणार नाही आणि ते नकोच असं तो म्हणतोय. कवचकुंडलं देताना तिन्ही लोकांत कीर्ती हवी असणारा हाच माणूस! अपकीर्तीचं कारण तो या बोलण्यातही देतो हे खरं, मान पूर्ण सुटलेला नाही, पण पारडं राधेच्या आणि दिलेल्या शब्दाच्या बाजूने झुकलंय असं मला ठामपणे वाटतं.

मग प्रश्न येतो की युधिष्ठिर योग्य आहे हे कळत असताना चुकीच्या बाजूने लढणं योग्य कसं? नाहीच आहे ते योग्य, किंवा पूर्ण योग्य नाही. पण त्याच्यासमोर पूर्ण योग्य असा पर्याय त्या दिवशी उरलेलाच नव्हता. गेला तर ज्याने भरवशावर युद्ध उभं केलं त्याचा विश्वासघात आणि राधा-अधिरथाला 'तुम्ही माझे कोणी नव्हतात' असं सांगणं, राहिला तर अधर्माला बळ. अ‍ॅरिस्टॉटलने ग्रीक शोकांतिकांबद्दल लिहिताना म्हटलंय की त्यातला नायक ना पूर्ण सज्जन ना दुष्ट, तो दुष्टपणामुळे पडत नाही, कुठल्यातरी चुकीमुळे पडतो. कर्णाची चूक मला रथात दिसत नाही, ती खूप आधीची आहे, ज्या ज्या वेळी दुर्योधनाला मित्र म्हणून अडवता आलं असतं आणि त्याने उलट फुंकर घातली त्या सगळ्या वेळांची मिळून एक. रथात पोचेपर्यंत उशीर झालेला होता.

कुंतीलाही तो रिकामं पाठवत नाही. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे राहतीलच, अर्जुन मेला तर मी आणि मी मेलो तर अर्जुन. हा शब्द त्याने पाळला. चौदाव्या दिवशी भीम आणि सहदेव, पुढे कर्णपर्वात नकुल आणि खुद्द युधिष्ठिर, चौघेही एकेकदा त्याच्या तावडीत सापडले आणि चौघांना त्याने सोडलं. दुर्योधनाला न विचारता दिलेला शब्द, आणि त्याचा थेट तोटा दुर्योधनाला. द्रोण सेनापती झाले तेव्हा दुर्योधनाने मागितलंच हे होतं की युधिष्ठिराला जिवंत पकडून द्या. तो हाताशी आला आणि कर्णाने जाऊ दिला. मित्रासाठी सख्ख्या भावांना नाकारणारा माणूस, ज्या आईला फटकारलं तिला दिलेल्या शब्दासाठी मित्राचा विजय सोडून देतो, आणि हे कोणाला सांगत नाही. पण सोडताना प्रत्येकाला टोमणा मारतो! भीमाला धनुष्याच्या टोकाने डिवचून खादाड म्हणतो, नकुलाच्या गळ्यात धनुष्य अडकवून म्हणतो आपल्या बरोबरीच्यांशी लढ, युधिष्ठिराला म्हणतो तू क्षत्रियाचा नाहीस, ब्राह्मणाचं काम कर. मला हे टोमणे वगळून कर्ण सांगितलेला आवडत नाही. जीवदान आणि हिणवणं एकाच हाताने, तोच खरा कर्ण आहे.

सतराव्या दिवशी रथाचं चाक रुतलं तेव्हा तो अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो, निःशस्त्रावर बाण टाकू नकोस. कृष्ण विचारतो, एकवस्त्रा द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? प्रचलित पाठात पुढे असं आहे की कर्णाने लाजेने मान खाली घातली आणि काहीच उत्तर दिलं नाही. त्याच्याकडे देण्यासारखी उत्तरं होती, शाप, वेष बदलून मागून नेलेली कवचकुंडलं, सात जन्म पुरतील इतके अपमान. त्यातलं एकही त्याने पुढे केलं नाही. रंगभूमीवर त्याची मान खाली गेली होती तेव्हा त्याचा काहीच दोष नव्हता. या वेळी दोष होता आणि तो त्याला मान्य होता, असं मी त्या गप्प राहण्यातून समजतो.

आणि तरीही रथातला तो निर्णय, जो मला त्याचा सगळ्यात स्वच्छ निर्णय वाटतो, तो निर्दोष होता असं म्हणता येत नाही. युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात गंगेकाठी मेलेल्यांना पाणी देणं चाललेलं असताना कुंती अखेर सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो. तो म्हणतो की हे आधी कळलं असतं तर आपल्याला काहीच अशक्य नव्हतं, हा कुरुकुळाचा संहार झालाच नसता. कर्णाने युधिष्ठिराबद्दल जे भाकीत केलं होतं ते बरोबर निघालं, कळलं असतं तर तो थांबला असता. म्हणजे ज्या गुप्ततेमुळे कर्णाचा त्याग मानापलीकडचा झाला त्याच गुप्ततेने युद्ध थांबायचा एक मार्गही बंद केला. कृष्णाला माहिती होतं, कुंतीला होतं, भीष्मांना होतं, शरपंजरी पडल्यावर एका हाताने कर्णाला जवळ घेऊन त्यांनी ते सांगितलंही. सगळ्यांकडे गप्प राहायची कारणं होती. पण ज्याने गप्प राहण्याचं वचन मागून घेतलं तो कर्ण होता, आणि त्याला ते मागायचा हक्क होता का, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.